बीपीचे पेशंट: उपकेंद्रातल्या सीएचओंनी काय बघायचं, पीएचसीच्या डॉक्टरांनी काय?

राधानगरीकर: नमस्कार मंडळी. गावच्या आरोग्य समितीपुढे प्रश्न आहे. उपकेंद्रात नर्सिंग झालेल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम आहेत. पण लोक म्हणतात, "गोळी डॉक्टरच देणार, तर तिथं जाऊन काय उपयोग?" बीपीच्या पेशंटचं काम दोघांत कसं वाटून घ्यावं?

पंचगंगाकाठ: गोळी कुठली हे पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) एमबीबीएस डॉक्टर ठरवतात. ती दर महिन्याला देणं, बीपी मोजणं आणि न आलेल्याला आशाताईंकडून निरोप धाडणं हे सीएचओंचं काम. डॉक्टरांशी ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन सल्ला सेवा) बोलता येतं, म्हणून दर खेपेला पीएचसी गाठायची गरज नाही.

घोळ होतो तो मोजण्यातच. चालत आलेल्याचं बीपी लगेच घेतात, हात लोंबकळत असतो, बोलणंही चालू असतं. मग आकडा उगाच जास्त येतो. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीत. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-मिश्री तर नकोच. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी लिहा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तरी बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा उपकेंद्रात हवाच.

गगनबावडा_घाट: दुसरा घोळ: अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ ही बीपीची गोळी सुरू होते आणि बीपी १५०/९६ राहिलं तरी महिनोन्महिने तीच गोळी चालू राहते. महिन्याभरात १४०/९० च्या खाली आलं नाही, तर सीएचओंनी डॉक्टरांना कळवायलाच हवं. पण त्याआधी विचारा, गोळ्या रोज घेतल्या का, आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक चालू आहे का. ऊसतोडीच्या हंगामात ती सर्रास खाल्ली जाते, आणि तिनं बीपी चढतं. अॅम्लोडिपिननं घोटे सुजले की लोक न सांगता गोळी सोडतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी गरोदरपणात चालत नाही. म्हणून तरुण बाईला ती लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारायलाच हवं.

आमच्या भागात पावसाळ्यात रस्ते बंद पडतात. जूनच्या आधीच जादा साठा मागवा.

राधानगरीकर: आणि डॉक्टरांकडे लगेच कधी पाठवायचं?

पंचगंगाकाठ: वरचं १८० किंवा खालचं ११० गेलं, तर त्याच दिवशी. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात लुळा पडणं यातलं काही असेल तर आकड्याची वाट न बघता १०८ ला फोन.

परत येणाऱ्या चिठ्ठीचंही बघा. पेशंटला वर पाठवतात, पण डॉक्टरांनी काय बदललं हे उपकेंद्राला कळतच नाही, मग जुनीच गोळी दिली जाते. एकाच कार्डावर दोघांनी तारीख, बीपी आणि गोळीचा डोस लिहायचा, कार्ड पेशंटजवळ ठेवायचं. समितीनं आधी ही कार्डं छापून घ्यावीत.