हरणाच्या शिकारीला .४५-७० ची लीव्हर-ॲक्शन रायफल : गरज की हौस?

सायोटोकाठचा

ओहायोत येऊन आठ वर्षे झाली आणि त्यांतल्या पाच हंगामांत मी हरणाच्या शिकारीला गेलो. पहिले चार हंगाम १२ बोअरच्या शॉटगनने स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) मारून काढले. गेल्या वर्षी .४५-७० काडतुसाची मार्लिन १८९५ ही लीव्हर-ॲक्शन (चापाजवळची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरण्याची) रायफल घेतली, आणि तेव्हापासून ओळखीच्या मराठी मंडळींत ‘हरणासाठी एवढी तोफ कशाला’ हा प्रश्न मला चुकलेला नाही.

माझे म्हणणे असे, की हिला तोफ म्हणणाऱ्यांनी आधी इथला कायदा पाहावा. ओहायोत हरणासाठी मानेशी निमुळत्या होणाऱ्या पुंगळीची (म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाची), दूर पल्ल्याची काडतुसे चालत नाहीत. २०१४ पासून सरळ पुंगळीची, .३५७ ते .५० इंच व्यासाची रायफलची काडतुसे चालू लागली, आणि अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेले .४५-७० त्यांत आपोआप बसले. (नावातला पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा त्या काळी भरल्या जाणाऱ्या काळ्या दारूच्या वजनाचा, म्हणजे ७० ग्रेनचा आहे.) मी वापरतो ती ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १,३३० फूट वेगाने निघते, आणि १०० यार्डांवर नेम बसवलेला असेल तर २०० यार्डांवर ती जवळजवळ दोन फूट खाली येते. लोक याला दोष म्हणतात, पण मला तो लगाम वाटतो, कारण जनावर झाडीतून पुरते जवळ आल्याशिवाय चाप ओढण्याचा मोहच होत नाही. शिवाय जड, हळू गोळीने मांस कमी नासते, हे गेल्या डिसेंबरात खांद्याचा भाग कापताना मी स्वतः पाहिले.

ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते जरूर मांडावे.

बोल्टभक्त

कायद्याचा आधार घेऊन आपण हौस झाकत आहात, असे स्पष्ट म्हणतो. सरळ पुंगळीच हवी असेल, तर २०१९ साली विंचेस्टरने आणलेले .३५० लेजंड हे काडतूस ओहायोत तितकेच कायदेशीर आहे, हरणाला पुरेसे आहे, आणि त्याचा धक्का .४५-७० च्या पासंगालाही पुरत नाही. मग खांदा सुजवून घेण्यात कोणता संयम आहे?

मोठ्या काडतुसाचे खरे दुखणे गोळीच्या टोकाला नसून दस्त्याच्या टोकाला असते. धक्क्याची धास्ती बसली, की चाप ओढण्याच्या क्षणी हात आपोआप नळी खाली ढकलतो आणि नेमबाजाला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या एका मित्राची .४५-७० मी नेमबाजीच्या रेंजवर भरून देत होतो, आणि त्याला न सांगता मध्येच एक डमी काडतूस सारले. घोडा नुसताच ‘टक्’ वाजला आणि नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले. तोवर तो ‘आज रायफलीचीच साइट बिघडली आहे’ असे सांगत होता.

आणखी एक गोष्ट सुरक्षेची आहे. बोल्टच्या (मूठ हाताने मागेपुढे सरकवून भरण्याच्या) रायफलीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा, खालून उघडून मोकळे करता येते. आपल्या रायफलीत नळीखालच्या नळकांड्यातले प्रत्येक काडतूस लीव्हर फिरवून चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतून) बाहेर काढावे लागते. अंधार पडल्यावर, बोटे गारठलेली असताना, भरलेल्या बंदुकीशी हा खेळ कशासाठी करायचा?

सायोटोकाठचा

बंदूक मोकळी करण्याचा मुद्दा मान्य आहे, तो मलाही खुपतो. मात्र हंगामात चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसे भरण्याची इथे मुभा असल्यामुळे लीव्हर तीनदा फिरवली, की काम संपते, आणि त्या वेळी नळीचे तोंड जमिनीकडे असते.

धक्क्याबद्दल आपण सरसकट बोलत आहात. ३२५ ग्रेनची, सेकंदाला २,०५० फूट वेगाची आधुनिक काडतुसे खांद्याला जड जातात, यात वाद नाही. पण मी वापरतो त्या जुन्या मापाच्या काडतुसाचा धक्का मला स्लगपेक्षा सौम्य वाटतो. राहिला .३५० लेजंडचा प्रश्न, तर हौस आहे हे मी नाकारलेच नव्हते. लीव्हर खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाजूने उडते, वर ओढली की पुढचे काडतूस आत सरकते, आणि यात गाल दस्त्यावरून हलत नाही. या रचनेचे मला वेड आहे.

रानमोगरा

कमी पल्ला म्हणजे कमी धोका, हे गृहीतच तपासायला हवे. पेनसिल्व्हेनियात विधिमंडळासाठी २००७ साली याच प्रश्नाचा अभ्यास झाला होता. बंदूक आडवी धरून मारलेली स्लगची गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि उसळल्यानंतरही दूर जाते, त्यामुळे अशा वेळी शॉटगन ही रायफलीपेक्षा सुरक्षित ठरतेच असे नाही, असे त्यात दिसून आले. आपली गोळीही जड, बोथट आणि हळूच आहे. लगामाचा भरवसा धरून कोणी मक्याच्या कापलेल्या शेतात आडवी गोळी मारली, तर पलीकडच्या गोठ्याचे काय होईल?

दुसरा आक्षेप शिशाचा. गोळीचे बारीक कण मांसात राहतात आणि टाकून दिलेली आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाने काँडोर हे तिथले गिधाड वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी केली, ती उगाच नव्हे. ‘मांस कमी नासते’ हे डोळ्यांनी दिसते. शिसे दिसत नाही.

सायोटोकाठचा

उसळीचा मुद्दा रास्त आहे. मी झाडावरच्या मचाणावरून, खालच्या दिशेने मारतो, त्यामुळे गोळी हरणापलीकडे जमिनीत रुतते; सपाट शेतातून मारायची वेळ आली तर मी मारणार नाही. शिशाबाबत बचाव नाही. हळू गोळी कमी फुटते एवढेच म्हणता येईल, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तांब्याच्या गोळीचा एक डबा मागवतो.

बेळगावचा पाहुणा

चर्चा तांत्रिक चालली आहे, पण मुळाशी वेगळेच काही आहे असे वाटते. शिकारकथा लिहिणारे केनेथ अँडरसन .४०५ विंचेस्टरची लीव्हर-ॲक्शन घेऊन दक्षिणेतल्या जंगलांत हिंडले, आणि त्याच काडतुसाची रायफल अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली आफ्रिकेत नेली होती. त्या आठवणींवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथली हौसेची शिकार संपली, ते चांगलेच झाले. आता तीच हौस डॉलर मोजून तिकडे भागवली जाते, आणि तिला ‘संयम’ म्हटले जाते.

सायोटोकाठचा

तुलना पटत नाही. इथले लांडगे आणि प्यूमा दीडशे वर्षांपूर्वीच संपवले गेले, आणि २० व्या शतकाच्या सुरुवातीस तर हरिणही ओहायोतून नाहीसे झाले होते. ते परत आणले गेले, पण त्याला आवरणारे जनावर परत आले नाही. शिवाय १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकारकथांचा संस्कार माझ्यावर आहे. पण वाघावर गोळी झाडण्याचे स्वप्न मी कधी पाहिले नाही.

नवा_डॅलसकर

विषयांतराबद्दल क्षमस्व. एच-वन-बी व्हिसावर असताना अशी रायफल घेता येते का?

बोल्टभक्त

एरवी नाही. पण कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर केंद्रीय कायद्यात अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरात राहिली, तर मात्र आपण गुन्ह्यात अडकता. म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत रेंजवर भाड्याची बंदूक चालवावी, तीही वैध शिकार परवाना असेल तरच, हा माझा सल्ला.

सायोटोकाठचा

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. बोल्टभक्तांनी सांगितलेली परीक्षा बायकोकडून करवून घेतली. तिने वीस काडतुसांत पाच डमी मिसळली आणि मला पाठमोरे उभे करून एकेक भरून दिले. पाचपैकी दोनदा नळी खाली गेली, आणि दोन्ही वेळा ते पहिल्या दहा गोळ्यांनंतर घडले. स्लगपेक्षा सौम्य धक्का असल्याचे माझे विधान मी मागे घेत नाही, पण खांद्याने ते माझ्याइतके मनावर घेतलेले दिसत नाही.

बोल्टभक्त

दहानंतर गेली, म्हणजे रेंजवर एका बैठकीत आठच गोळ्या मारा आणि उरलेला वेळ डमीवर घालवा. रायफल विकू नका. विकायचीच असेल, तर आधी मला कळवा.