एलिकॉट सिटीचा जुना रेल्वे डेपो आणि बाल्टिमोर म्युझियम, एका दिवसात जमेल का?

खिडकीची_जागा:
आईबाबा सध्या आमच्याकडे डीसीजवळ आलेत. बाबांची सगळी नोकरी लोको शेडमध्ये गेली, सुरुवातीची काही वर्षं तर वाफेच्या इंजिनांवर. शनिवारी त्यांना एलिकॉट सिटीचा डेपो दाखवायचाय (आपला एसटीचा नव्हे, इकडे जुन्या स्टेशनला डेपो म्हणतात). बाल्टिमोरचं बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे) म्युझियम त्याच दिवशी होईल का? बाबांचे गुडघे दुखतात, चढउतार किती आहे तेही सांगा प्लीज.

मालगाडी:
आरामात होतं. सकाळी म्युझियम करा, तिथलं राउंडहाउस (गोल रेल्वे शेड) १८८४ चं, पॅसेंजर डब्यांच्या कामासाठी बांधलेलं, मधोमध गाड्या फिरवायचं टर्नटेबल आणि भोवती इंजिनं, बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल बघा. दुपारी एलिकॉट. डेपो छोटासाच आहे पण अमेरिकेत आज उभं असलेलं सगळ्यात जुनं स्टेशन हेच, आणि मे १८३० मध्ये बाल्टिमोरपासून १३ मैलांची लाइन इथवर आली तेव्हा डबे घोडे ओढायचे! आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे ही लाइन त्याच्याही २३ वर्षं आधीची. माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं तर ते ग्रॅनाइटच्या त्या जाड भिंतीला हात लावून कितीतरी वेळ गप्प उभे होते. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून मालगाडी आली, ती लाइन अजून चालू आहे ना, मग सगळे डबे मोजून होईपर्यंत तिथेच.

पावसाळी:
गुडघ्यांचं म्हणाल तर मेन स्ट्रीट नदीकडे चांगलाच उतरत जातो आणि डेपो अगदी खालच्या टोकाला. वर पार्किंग करून चालत आणू नका, बाबांना डेपोपाशीच उतरवा. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर सरळ पुढे ढकला, २०१६ आणि २०१८ ला त्याच रस्त्यावर भयंकर पूर आला होता. उघडं कधी असतं ते आदल्या दिवशी बघून घ्या.

रुळांवरून:
वेळ उरला तर रिले गावचा थॉमस व्हायाडक्ट सोडू नका. १८३५ चा दगडी पूल, तोही वळणावर बांधलेला, आजही त्यावरून गाड्या जातात. रिले नाव का, तर तिथे गाडीचे घोडे बदलायचे. म्युझियममध्ये टॉम थंब इंजिनाची प्रतिकृती पण दाखवा. १८३० मध्ये त्याची घोड्याशी शर्यत लागली, इंजिन पुढे होतं, पण ब्लोअरचा (भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याचा) पट्टा निसटला, वाफेचा दाब उतरला आणि घोडा जिंकला असं सांगतात.

खिडकीची_जागा:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, सकाळी म्युझियम, दुपारी डेपो, पूल येताना, ठरलं. टॉम थंबचं आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. ते उठून बसले आणि म्हणाले, "पट्टा कशाला हवा होता? वापरलेली वाफ चिमणीत सोडली असती की भट्टीला हवेचा ड्राफ्ट आपोआप मिळाला असता." आता कागदावर आकृती काढून आईला समजावतायत.