खाणीत बोटं गेली, डिस्चार्ज कार्डावर ‘घरचा अपघात’. आता काय करता येईल?

वणीकर_ताई | २० जानेवारी २०२४

नमस्कार. माझे मिस्टर आमच्याकडच्या एका ओपनकास्ट (उघड्या) कोळसा खाणीत कंत्राटदाराकडे कामाला होते. वय ३५. काम सीएचपीत (कोळसा हाताळणी प्लांटमध्ये), कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टखाली सांडलेला कोळसा फावड्याने ओढून परत बेल्टवर टाकायचं.

पोळ्याच्या आदल्या रात्री त्यांची नाइट शिफ्ट होती. टेल पुलीची, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकाची, संरक्षक जाळी दोन दिवस आधी दुरुस्तीसाठी काढलेली, ती तारेनं बाजूच्या खांबाला बांधून ठेवली होती. सुपरवायझर म्हणाला, बेल्ट बंद करू नका, रॅक (मालगाडी) भरायचा आहे. फावडं पुलीत ओढलं गेलं, त्यासोबत उजवा हात. सोबतच्या मुलाने बेल्ट थांबवायची दोरी ओढली, पण ती कोळशात दबून सैल पडली होती. तो बेल्टच्या स्विच पॅनलपर्यंत पळत गेला तेव्हा कुठे बेल्ट थांबला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, बाकी तीन गेली.

खाणीच्या दवाखान्यात नेलंच नाही. कंत्राटदाराच्या बोलेरोतून सरळ खासगी दवाखान्यात. तिथल्या कार्डावर लिहिलंय, ‘घरी कडबाकुट्टी यंत्रात हात अडकून इजा’. आमच्याकडे ना गाय, ना कडबा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे.

नंतर कंत्राटदाराने ४० हजार दिले आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली की यापुढे काही मागणार नाही. सही डाव्या हाताची, वाकडीतिकडी. आता कामावरही घेत नाहीत. मुलगी दुसरीत आहे, बाबांच्या शर्टाच्या गुंड्या ती लावून देते. सगळे म्हणतात सही झाली, विषय संपला. खरंच संपला का?

जुना_सरदार | २० जानेवारी २०२४

ताई, विषय संपलेला नाही. मी एकतीस वर्षं खाणीत होतो, त्यातली बावीस मायनिंग सरदार, म्हणजे शिफ्टची सुरक्षा बघणारा, म्हणून. तुमचं लिहिलेलं वाचून रात्रभर झोप लागली नाही.

आधी सहीचं सांगतो. नुकसानभरपाईचा हक्क आत्ता, २०२४ मध्ये लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ ने दिलेला आहे. तो हक्क सोडून देतो असं कुणाकडून लिहून घेतलं तरी कायद्याने ते रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर ती याच कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. बोलेरोत बसून केलेल्या स्टॅम्प पेपरला घाबरू नका. फार तर ते ४० हजार हिशेबातून वजा होतील.

हिशेब असा. एका हाताची तीन बोटं जाणं कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के धरलंय. मजुरी कितीही असली तरी हिशेबाला महिना १५ हजारांपर्यंतच धरतात. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९ हजार. वयानुसार ठरलेला गुणक ३५ वर्षांसाठी १९७.०६. गुणाकार करून ३० टक्के काढले की ५,३२,०६२ रुपये होतात. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा. वेळेत दिली नाही म्हणून १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. कंत्राटदार पळाला तरी खाण चालवणाऱ्या कंपनीकडून वसूल करता येते, कारण काम तिचं आणि जागाही तिचीच.

आता कडबाकुट्टीचं. ताई, कार्डावर दाखल केल्याची वेळ किती आहे ते बघा.

वणीकर_ताई | २० जानेवारी २०२४

काका, पहाटे ३.४० लिहिलंय. शिफ्ट रात्री १२ ची होती.

जुना_सरदार | २१ जानेवारी २०२४

मग झालं की. बाराला खाणीत हजेरी लागलेला माणूस पावणेचारला घरच्या यंत्रात हात कसा घालेल? त्या रात्रीची हजेरी आणि गेटवरची नोंद मागा, लेखी मागा, पोच घ्या. पॅनलकडे पळालेल्या मुलाशी आत्ताच बोला. दुसऱ्या साइटवर पाठवला तर सापडायचा नाही.

आणि डीजीएमएसला, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाला लिहा. पश्चिम विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. आत्ताच्या खाण कायद्यात बोटाचं नुसतं हाड मोडलं तरी ती गंभीर दुखापत. तिची सूचना द्यावी लागते. इथे तीन बोटं तुटून कुठेच नोंद नाही. जाळी काढलेली, बेल्ट चालू, दोरी सैल, हे तिन्ही अर्जात आलंच पाहिजे.

नोंदीसाठी मी इतका हट्ट का धरतो ते सांगतो. माझे वडील मध्य प्रदेशात परासियाकडच्या खाणीत होते. डिसेंबर १९५४ मध्ये तिथल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं, ६३ जण गेले. ते वडील शेवटपर्यंत सांगायचे. एवढं मोठं झालं की चौकशी होते. पण बोट, पाऊल, डोळा एकेकट्याने जातो, आणि तो माणूस गाडीत घालून गुपचूप बाहेर काढता येतो. मग तीच पुली तशीच उघडी राहते आणि दुसरा पोरगा तिथे फावडं घेऊन उभा राहतो. माझ्या शिफ्टला मी जाळी नसेल तर बेल्ट चालू करू दिला नाही. शिव्या खाल्ल्या, बदली झाली, पण नाही दिला.

चंद्रपूर_वकील | २२ जानेवारी २०२४

काकांनी बरोबर सांगितलंय. भर एवढीच, की जिल्हा सामान्य रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढून घ्या. ३० टक्के हा परिशिष्टातला आकडा झाला. उजव्या हाताने करायचं काम आता होतच नाही हे पुराव्यानिशी दाखवलं तर कमाईची हानी त्याहून जास्त धरावी, असं मागता येतं. खासगी दवाखान्याची मूळ केसशीटही मागा. कधी कधी आतल्या कागदावर नर्सने खरं लिहिलेलं असतं.

वणीकर_ताई | ३० जानेवारी २०२४

केसशीट मिळाली. आत लिहिलंय, ‘जखमेत कोळशाची भुकटी, धुऊन काढली’. तो मुलगाही लिहून द्यायला तयार झालाय. परवा नागपूरला अर्ज घेऊन जातेय. त्या रात्रीचा हातमोजा मी पिशवीत घालून फडताळात ठेवलाय. तोही न्यायचा का?

जुना_सरदार | ३० जानेवारी २०२४

न्यायचा नाही, फक्त फोटो लावा. मोजा वकिलांकडे द्या. आणि धुवू नका, ताई.