जुन्या ट्रान्समीटरचे मीटर चुकीचे दाखवत असेल, तर संशय प्रथम कोणावर घ्यावा?

काचनळी:

व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळीवर, चालणाऱ्या जुन्या रेडिओ ट्रान्समीटरच्या दर्शनी पट्टीवर पुष्कळदा एकच मीटर असते आणि स्विच फिरवून त्याच मीटरवर ग्रिड करंट, प्लेट करंट आणि प्लेट व्होल्टेज वाचावे लागते (प्लेट म्हणजे नळीतला करंट गोळा करणारा भाग, ग्रिड म्हणजे तो करंट आवरणारी जाळी). त्या मीटरमागचे रेझिस्टर, स्विच आणि सोल्डरचे टाके यंत्राइतकेच जुने असतात, ही साधी गोष्ट दुरुस्तीच्या घाईत आपण विसरतो. माझे मत असे आहे की रीडिंग खटकले, तर व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी आणि ट्यूनिंगला हात लावण्यापूर्वी मीटरचे सर्किट तपासून खात्री करून घ्यावी.

माझ्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात एकच ६१४६ जातीचा व्हॉल्व्ह आहे. मीटरवर प्लेट व्होल्टेज ५०० आणि करंट १३० मिलिअँपिअर दिसत होता, म्हणजे इनपुट ६५ वॉट. त्याच वेळी अँटेनाऐवजी जोडलेल्या ५० ओहमच्या डमी लोडवर ५२ व्होल्ट आरएमएस मिळत होते, म्हणजे आउटपुट सुमारे ५४ वॉट. ही कार्यक्षमता ८३ टक्के होते, आणि क्लास-सी टप्प्याकडून (ज्यात व्हॉल्व्ह प्रत्येक आवर्तनाच्या थोड्याच भागात चालतो) ७० ते ७५ टक्क्यांहून अधिक अपेक्षा मी ठेवत नाही. प्रत्यक्ष मोजल्यावर प्लेट व्होल्टेज ६५० निघाले. व्होल्टेजच्या १,००० व्होल्टच्या पट्ट्यासाठी (रेंजसाठी) १ मिलिअँपिअरला पूर्ण चढणाऱ्या मीटरला १ मेगओहमची रेझिस्टरांची मालिका जोडलेली होती. २०० किलोओहमचे पाच कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वयाने, उष्णतेने आणि ओलाव्याने वाढत जाऊन एकूण १.३ मेगओहम झाले होते, त्यामुळे ६५० व्होल्टला मीटरमधून अर्धाच मिलिअँपिअर जात होता आणि काटा ५०० वर थांबत होता. खरे इनपुट ८४.५ वॉट होते. त्यातून ५४ वॉट वजा केले, तर तीस वॉटची उष्णता उरते, आणि अधूनमधूनच्या वापरासाठीही ६१४६ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट आहे. मीटरवर विसंबून मी तो व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने भाजत होतो.

मोर्सप्रेमी:

आपले निदान अचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला नियम मला धोकादायक वाटतो. ‘मीटरच बिघडले असेल’ हा विचार एकदा मनात शिरला की खरा बिघाड डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि हे मी स्वतः भोगले आहे.

माझ्या ट्रान्समीटरमध्ये ग्रिडला २७ किलोओहममधून उणे ५० व्होल्टचा स्थिर बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणारे व्होल्टेज, मिळतो. एके दिवशी ड्राइव्ह (आधीच्या टप्प्याकडून येणारा सिग्नल) बंद असताना ग्रिड करंटचा काटा शून्याच्या डावीकडे जाऊन टेकला. मीटरची स्प्रिंग थकली असावी असे समजून मी पुढचा झिरो स्क्रू फिरवला आणि काटा शून्यावर आणून ठेवला. नंतर प्लेट करंट जास्त दिसला, तेव्हा स्विचचे संपर्क काळे पडले असतील असे मानून, यंत्र चालू ठेवूनच, मी नॉब पुढेमागे फिरवत बसलो. पेटीचे खिडकीकडचे झाकण उघडून आत पाहिले, तेव्हा व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली होती. तो व्हॉल्व्ह वाचला नाही.

दोष ड्रायव्हरचा, म्हणजे आधीच्या टप्प्याचा, सिग्नल ग्रिडला पोचवणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमध्ये होता. त्याची गळती सुमारे २०० किलोओहमइतकी झाली होती आणि ड्रायव्हरच्या प्लेटवरचे ३०० व्होल्ट त्यातून ग्रिडवर उतरत होते. हिशेब केला तर दीड मिलिअँपिअर करंट त्या २७ किलोओहममधून उलट दिशेने वाहत होता. म्हणजे बायस उणे ५० वरून जेमतेम उणे ८ वर आला होता आणि काटा डावीकडे जात होता तो याच कारणाने. मीटर अक्षरशः बोट दाखवून सांगत होते आणि मी त्याचे बोट पिरगाळले. म्हणून माझा क्रम असा आहे की रीडिंग खटकले की आधी यंत्र बंद करावे, व्हॉल्व्ह आणि बायस तपासावा आणि मीटरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

लोलक:

दोघांच्याही अनुभवाबद्दल आदर आहे, तरी काचनळी यांच्या हिशेबात एक चूक राहिली आहे. अशा ट्रान्समीटरमध्ये ‘प्लेट’ असे लिहिलेला करंट पुष्कळदा कॅथोडच्या (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) वाटेत मोजलेला असतो, कारण मीटर विजेच्या दृष्टीने जमिनीच्या (अर्थच्या) पातळीजवळ ठेवले की दर्शनी पट्टीवर उच्च व्होल्टेज येत नाही. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीन (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) आणि ग्रिड यांचेही करंट मिसळलेले असतात. तुमच्या १३० मधून स्क्रीनचे १० आणि ग्रिडचे ३ मिलिअँपिअर वजा केले, तर प्लेटचे ११७ उरतात. मग खरे इनपुट ७६ वॉट आणि उष्णता २२ वॉट होते, शिवाय त्यातलाही थोडा भाग टँक सर्किट (आउटपुटचे ट्यून केलेले कॉइल-कपॅसिटर) खाते. व्हॉल्व्ह मर्यादेच्या आत होता, भाजत नव्हता.

दुसरी शंका मोजण्याबद्दल आहे. ते ६५० व्होल्ट डिजिटल मल्टिमीटरने आणि ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने चालू असताना मोजले असतील, तर आरएफच्या (रेडिओ लहरींच्या) क्षेत्रात डिजिटल मीटर वाटेल ते आकडे दाखवते. जुन्या मीटरवर अविश्वास आणि नव्यावर आंधळा विश्वास, हा न्याय मला पटत नाही. ट्यूनिंगला तर आकड्यापेक्षा काट्याचा उतार महत्त्वाचा आहे. रेझोनन्सवर, म्हणजे सर्किट अचूक जुळल्यावर, प्लेट करंटचा डिप (काट्याची घसरण) जिथे यायचा तिथेच येतो, मग मीटर तीस टक्के चुकत असले तरी.

काचनळी:

लोलक, माझे मीटर कॅथोडमध्येच आहे आणि तुमची वजाबाकी मला मान्य आहे. मात्र त्याच वजाबाकीने मीटरवरचा आरोप अधिक पक्का होतो, हे पाहावे. ५०० व्होल्ट आणि ११७ मिलिअँपिअर धरले, तर इनपुट ५८.५ वॉट आणि कार्यक्षमता ९२ टक्के होते, जे त्याहूनही अशक्य आहे. व्हॉल्व्ह मर्यादेत राहिला हे माझे नशीब म्हणावे लागेल, कारण मी मीटरकडे पाहून लोडिंग आणखी वाढवण्याच्या तयारीत होतो. डिपने रेझोनन्स कळतो, व्हॉल्व्हवर किती भार पडतो आहे ते कळत नाही.

मोजणीबद्दल सांगायचे, तर प्रोब प्लेटजवळ नव्हते. यंत्र बंद करून आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, आरएफ अडवणाऱ्या चोकच्या थंड, म्हणजे आरएफ नसलेल्या, टोकाशी, फिल्टर कपॅसिटरवर क्लिपा लावल्या आणि मगच यंत्र चालू केले. वायरींची जागा बदलूनही आकडा हलला नाही आणि काट्याच्या मल्टिमीटरनेही तोच आकडा दिला.

मोर्सप्रेमी यांच्या क्रमाचा मी विचार केला आणि ‘यंत्र आधी बंद’ हा भाग मी बिनशर्त स्वीकारतो. मीटरची तपासणी मुळात यंत्र बंद ठेवूनच करायची असते. मीटरच्या तारा मोकळ्या कराव्यात, दीड व्होल्टचा सेल, दीड किलोओहमचा रेझिस्टर आणि २५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर ओळीने जोडून १ मिलिअँपिअरचा काटा हळूहळू चढवावा आणि मालिकेत दुसरे मीटर ठेवून दोन्ही ताडून पाहावेत. ओहममीटरचा सर्वांत खालचा पट्टा मात्र थेट मीटरला कधीही लावू नये, कारण जुन्या मल्टिमीटरचा तो पट्टा नाजूक कॉइलमधून तिच्या क्षमतेच्या कित्येक पट करंट ढकलू शकतो.

तांबडी तार:

चूक कोणत्या दिशेने होते आहे यावरूनच बरेच काही समजते, याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. मल्टिप्लायर (मीटरला मालिकेत जोडलेला रेझिस्टर) वाढला की व्होल्टेज कमी दिसते, शंटच्या (मीटरला समांतर जोडलेल्या रेझिस्टरच्या) वाटेतला रोध वाढला की करंट जास्त दिसतो. ५० ओहमच्या कॉइलचे १ मिलिअँपिअरचे मीटर २५० मिलिअँपिअरपर्यंत न्यायचे, तर शंट सुमारे ०.२ ओहमचा लागतो. त्याच्या एका टोकाला ड्राय सोल्डर (कच्चा टाका) होऊन केवळ ०.०२ ओहमची भर पडली, तरी २०० च्या जागी २२० दिसतात. तो टाका पूर्ण सुटला, तर सगळा करंट मीटरमधून जाऊ पाहतो आणि मीटर कायमचे जाते. सर्वच पट्टे सारख्या प्रमाणात कमी दाखवत असतील, तरच चुंबक क्षीण झाल्याचा किंवा कॉइलचा संशय घ्यावा.

मात्र जुने रेझिस्टर काढून नवे बसवण्यास माझा विरोध आहे. मूळ भाग हीच अशा यंत्राची ओळख असते. झाकणाच्या आत ‘५०० म्हणजे ६५०’ अशी पट्टी चिकटवली की काम भागते.

काचनळी:

तांबडी तार, तुमची तळमळ कळते, पण कार्बन रेझिस्टरांची मालिका १.३ मेगओहमवर कायमची थांबलेली नसते. यंत्र तापले की तिचे मूल्य आणखी बदलते, आणि पुढील वर्षी ती पट्टीच खोटी ठरेल. मी २०० किलोओहमचे पाच मेटल फिल्म रेझिस्टर बसवले आहेत. पूर्ण पट्ट्यावर प्रत्येकाच्या वाट्याला २०० व्होल्ट आणि ०.२ वॉट येतात, म्हणून अर्ध्या वॉटचे आणि पुरेशा व्होल्टेज क्षमतेचे निवडले. जुने पाचही टाकलेले नाहीत. २४८, २५५, २७१, २६२ आणि २६४ किलोओहम, अशी मूल्ये लिहून ते एका पाकिटात घालून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. उद्या कोणाला मूळ रूप हवे असेल, तर ते तिथे मिळेल.

मोर्सप्रेमी:

ते पाकीट मला आवडले. तरी एक विचारतो, मीटर निर्दोष झाल्यावर तुम्ही ग्रिडचा बायस पाहिला का? व्होल्टेजचा पट्टा दुरुस्त झाला म्हणून कपलिंग कपॅसिटर निर्दोष ठरत नाही.

काचनळी:

पाहिला नव्हता, आपण विचारल्यावर आज पाहिला. ड्राइव्ह काढून ठेवले असता ग्रिडवर उणे ५१ व्होल्ट आहेत, बायसच्या पुरवठ्यावरही उणे ५१ आहेत, आणि झिरो स्क्रूला हात न लावता काटा शून्यावर स्थिर आहे.