मदत हवी आहे: पहिल्या फेरीत बहुतेकांचे उत्तर चुकल्यास चर्चा कशी पुढे न्यावी?

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला यांत्रिकी शिकवतो. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून रुजवलेल्या पद्धतीप्रमाणे विद्यार्थ्यांनी संकल्पनात्मक प्रश्नाचे उत्तर आधी स्वतंत्रपणे नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे, असा क्रम मी ठेवला आहे. फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तूवर लागणारी सर्व बले दाखवणाऱ्या आकृतीत) घर्षणबलाची दिशा कोणती, अशा प्रश्नांवर चर्चा खरोखर रंगते आणि निव्वळ व्याख्यानात दडून राहणारे गैरसमज उघड होतात. मात्र पहिल्याच फेरीत बहुतेकांचे उत्तर चुकले, तर चर्चेतून चुकीचेच मत बळावते. अशा वेळी थेट स्पष्टीकरण द्यावे, की आधी सोपा पूरक प्रश्न विचारावा? आणि बोलायला कचरणाऱ्यांना, गुणांचा धाक न दाखवता, चर्चेत कसे आणावे?