स्लो कुकरमध्ये साधे पोर्क : पाणी किती आणि वेळ किती?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. घरी नुकताच साडेतीन लिटरचा स्लो कुकर (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे) आणला आहे आणि त्यात सोया सॉस, आले, लसूण घालून साधे पोर्क शिजवण्याचा विचार आहे. आजवर पोर्क प्रेशर कुकरमध्येच केले असल्यामुळे पाण्याचा आणि वेळेचा सगळा अंदाज शिट्ट्यांवर बसलेला आहे. कोणता भाग मागावा, किलोभर मांसाला पाणी किती घालावे आणि सकाळी लावून कामावर गेले तर चालेल का, हे कृपया सांगावे. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर (कॅम्प)
ताई, खांद्याचा भाग मागा. दुकानदाराला चरबी काढू नका असे आधीच सांगा आणि तुकडे दीड-दोन इंचांचे करून घ्या. खांद्यात चिवट तंतू पुष्कळ असतात; तासन्‌तास मंद उष्णता मिळाली की त्यांतील कोलॅजन या चिवट प्रथिनाचे मऊ, चिकट जिलेटिन होते, आणि मऊपणा व रश्शाचा दाटपणा दोन्ही त्यातूनच येतात. पाठीच्या बिनचरबीच्या मांसात हे फारसे नसल्यामुळे ते इतका वेळ शिजवल्यास कोरडे पडते.

पाणी अर्धी वाटी पुरे. प्रेशर कुकरमधून वाफ शिट्टीवाटे निघून जाते, पण येथे ती झाकणाला लागून पुन्हा भांड्यातच पडते. शिवाय कांदा आणि मांस स्वतःचा रस सोडतात. त्यामुळे सुरुवातीला तुकडे उघडे दिसले तरी वरून पाणी वाढवू नये. तळाला दोन कांदे जाड चिरून पसरा, त्यावर कढईत खरपूस परतलेले मांस ठेवा, आणि तीन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा गूळ, एक चमचा व्हिनेगर, ठेचलेले आले-लसूण, दोन चक्रफुले व दालचिनीचा तुकडा घाला. ‘लो’वर सुमारे आठ तास, ‘हाय’वर चार ते पाच तास लागतात. मधे झाकण उघडू नका, कारण साठलेली उष्णता निघून जाते आणि ती परत यायला बराच वेळ लागतो. मीठ शेवटी चव पाहूनच घालावे, सोया सॉस पुरेसा खारट असतो. रस्सा पातळ वाटला तर तुकडे बाजूला काढून तो पातेल्यात गॅसवर आटवावा. माझ्या मते ही पायरी कधीच वगळू नये.

उत्तर (वानवडी)
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त परतण्याविषयी थोडे वेगळे सुचवतो. चीनमधील होंगशाओ (सोया सॉस व साखरेत मांस मंद शिजवण्याच्या) पद्धतीत पोटाचा चरबीचा भाग घेतात, अनेक जण तो प्रथम उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून वर आलेला फेस टाकून देतात, आणि रंगासाठी साखर तेलात तांबूस होईपर्यंत वितळवून त्यात मांस घोळवतात. फेस गेल्यामुळे रस्सा स्वच्छ राहतो आणि पोर्कचा उग्र वासही कमी होतो. ज्यांच्या घरी त्या वासामुळे कोणी जेवायला कुरकुरते, त्यांनी हे अवश्य करावे.

उत्तर (औंध)
वीज आणि सुरक्षितता यांविषयी लिहितो. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये घालू नये. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्यातील बर्फ पूर्ण वितळू द्यावा, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जीवाणू झपाट्याने वाढतात आणि गोठलेले मांस या पट्ट्यात फार वेळ रेंगाळते. आपण घरी असताना वीज गेली, तर सगळे ताबडतोब पातेल्यात ओतून गॅसवर शिजवून घ्यावे. घरी नसताना वीज गेली आणि ती किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर पदार्थ शिजलेला दिसला तरी टाकून द्यावा, याबाबत तडजोड नको. म्हणून गुरुवारी स्लो कुकर लावून बाहेर जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी, आपण घरी असताना लावणे उत्तम. उरलेले पोर्क उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी स्लो कुकरमध्ये नव्हे, तर गॅसवर चांगली उकळी येईपर्यंत गरम करावे.