शोभेचा भोपळा, डांगर की गंगाफळ? शरदातल्या आराशीसाठी शब्द हवेत

गिरणाकाठ:

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडे सप्टेंबर संपता संपता लोक घरापुढच्या पायऱ्यांवर चित्रविचित्र भोपळे मांडून ठेवतात. पांढरे, निळसर राखाडी, अंगभर मस उठलेले, फेटा बांधल्यासारखे, बगळ्यासारख्या मानेचे. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंग सण असतो, तोवर ही मांडणी तशीच राहते. तिने यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय आणि तो नीटनेटका करायचं काम माझ्याकडे आलंय.

तिने सगळीकडे 'शोभेचे भोपळे' लिहिलंय. मी जळगावला आईला वाचून दाखवलं, तर तिने पहिल्याच ओळीला थांबवलं: "भोपया म्हंजे कोनता? दुधी का गंगाफय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण फोटोत दोन्ही प्रकारचे दिसतात. शिवाय 'फॉल डेकोरेशन'चं तिने 'पानगळीची सजावट' केलंय, तेही कानाला बरं वाटत नाही. पोर्चला काय म्हणावं? अंक खानदेशातच वाचला जाणार आहे, तेव्हा इथल्या माणसाला आपले वाटतील असे शब्द सुचवा.

तापीकाठ:

ताई, आईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मराठीत नुसता 'भोपळा' क्वचितच पुरतो. दुधी, लाल, तांबडा, कडू असं काहीतरी पुढे लागतंच, आणि याला कारण आहे. दुधी आणि कडू भोपळा हे लॅजेनेरिया या वनस्पतीवंशातले. हे आपल्याकडे फार जुने, संस्कृतातली अलाबू आणि तुंबी ती हीच. लाल भोपळा, म्हणजे आपलं गंगाफळ, मात्र कुकुर्बिटा या दुसऱ्या वंशातला, मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ नंतर समुद्र ओलांडून बाहेर पडला, त्यानंतरच कधीतरी आपल्याकडे आला. त्यामुळे मला असं वाटतं, की 'भोपळा' हे नाव आधी तुंब्याच्याच घरातलं असणार. नवं फळ आलं तेव्हा त्याला तेच नाव देऊन पुढे 'लाल' जोडलं.

आता तुमच्या बहिणीचे फोटो. अशा मांडणीत सहसा दोन गट असतात आणि ते ओळखल्याशिवाय शब्द ठरवू नका. मस असलेले, फेटेवाले, निळसर, चपटे लालभडक, मुठीत मावतील एवढे पांढरे, हे सगळे कुकुर्बिटा, म्हणजे आपल्या गंगाफळाचे भाऊबंद. लांब मानेचे, बाटलीसारखे, हिरव्या सालीवर पांढरट ठिपके असलेले ते लॅजेनेरिया, म्हणजे आपला तुंबा. पहिल्यांची मांडणी त्या हंगामापुरती, महिना-दोन महिने, फार तर तीन. नंतर ते सडतात किंवा शिजतात. दुसरे मात्र नीट वाळले तर वर्षानुवर्षं राहतात. मग एका शब्दात दोन्ही कोंबायचे कशाला?

आपल्या बोलीत या फळांची नावं बरीचशी त्यांचं पुढे काय होणार यावरून चालतात, आणि ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. चुलीवर जाणार ते गंगाफळ. दाराला टांगायचा तो कोहळा. वाळवून पोकळ करायचा तो तुंबा, लहान असला तर तुमडी. म्हणून माझी सूचना सरळ आहे: कुकुर्बिटांना 'शोभेची गंगाफळं', लॅजेनेरियांना 'शोभेचे तुंबे'. 'शोभेचे भोपळे' एकदाच, मथळ्यात, दोघांना मिळून वापरा.

अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसंच गंगाफळाचं गंगाफय. संवाद असेल तिथे खुशाल 'गंगाफय' राहू द्या.

चाळीसगाव_फाटा:

आमच्याकडे सर्रास डांगर म्हणतात. नाशिक, नगर, मराठवाड्यातही चालतं. गंगाफळ चार जणांना कळेल, डांगर दहा जणांना. 'शोभेचं डांगर' काय वाईट?

वऱ्हाडवाट:

थांबा. बोदवड-मुक्ताईनगर ओलांडून आमच्या अंगाला या, मग डांगर म्हणजे नदीच्या वाळूतलं खरबूज होतं. डांगरवाडी म्हणजे उन्हाळ्यात पात्रात लावलेली टरबूज-खरबुजाची वाडी. तुमच्या लेखात 'पायऱ्यांवर डांगरं मांडली' असं आलं, तर आमचा वाचक खरबुजंच मांडेल.

आणि तापीकाठ यांच्या 'दाराला टांगायचा तो कोहळा' यालाही माझी हरकत आहे. आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळाच. कोहळ्याचे बोंडे त्याचेच करतात. तुमचा तो पांढरी भुकटी चढलेला, पेठ्याचा, त्याला आम्ही वेगळं ओळखतो.

सागरतीर:

आम्हा कोकणातल्यांसाठी डांगर हे फळच नाही. भाजलेल्या उडदाचं पीठ, ते दह्यात किंवा ताकात कालवलं, वर फोडणी दिली की झालं डांगर. लेख तिकडे गेला तर गोंधळ ठरलेला.

आमच्याकडे वेलीच्या फळाचा सणाशी संबंध येतो तो कारिटानं. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी अंगठ्याखाली फोडतात ते. लहान, गोल, कडूजहर. बहिणीच्या फोटोतल्या मुठीएवढ्या फळांना 'कारिटासारखी' म्हटलं तर आम्हाला लगेच चित्र दिसेल.

तापीकाठ:

वऱ्हाडवाट, तुमची हरकत मान्य. माझं वाक्य खानदेशापुरतं आणि पश्चिमेकडच्या मराठीपुरतं खरं आहे. कोहळा हा शब्द संस्कृत कूष्मांडावरून प्राकृतात 'कोहंड' होत आला. कूष्मांड म्हणजे तो भुकटीवालाच. लाल फळ नंतर आलं आणि वऱ्हाडात त्यानं जुनं नाव घेतलं. पश्चिमेकडे हेच भोपळ्याच्या बाबतीत झालं. एकच पाहुणा, दोन घरी दोन नावांनी राहिला. त्याला मी चूक म्हणणार नाही.

डांगराचं मात्र तुम्ही दोघांनी मिळून उत्तर दिलंत. तीन प्रदेशांत तीन अर्थ असलेला शब्द लेखाच्या मुख्य जागी ठेवू नये. चाळीसगावच्या भाऊंचा आग्रह मला समजतो, माझ्याही घरात डांगर बोललं जातं. पण गंगाफळाला दुसरा अर्थच नाही, आणि खानदेशी माणसाच्या मनात तो शब्द सणाशी बांधलेला आहे. श्रावणात कानबाईचे रोट होतात तेव्हा गंगाफळाची भाजी लागते. पितरांच्या पानातही असते. ज्या फळाला घरात असा मान आहे, त्याचं नाव आराशीच्या लेखात आलं तर ते परकं वाटणार नाही. डांगर पहिल्या उल्लेखाला जोडून द्या: 'गंगाफळ, म्हणजे डांगर'. पुढे गंगाफळच चालू ठेवा.

सातपुडा_पायथा:

मी शहाद्याचा. वरची चर्चा वाचताना मनात येत होतं की आपण हे सगळं अमेरिकेची रीत म्हणून बोलतोय. भोपळ्यांनी सजणं आमच्या डोंगरात आहेच. अक्कलकुव्याकडे काठी गावची होळी पाहा. व्रत धरलेले बुध्या आणि बावा नाचायला उतरतात, तेव्हा अंगावर राखेचे-पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा किंवा बांबूचा उंच टोप आणि कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ असते. घुंगरांबरोबर तेही वाजतात. ते सगळे तुंबे. ताजं फळ कमरेला बांधून रात्रभर नाचता येणार नाही, आणि वाजणार तर नाहीच. पावसाळ्यातल्या वेलाचं फळ हिवाळ्यात निबर होतं आणि फाल्गुनापर्यंत वाळून तयार असतं, असा तो हिशेब बसतो. नवापूर-डांगाकडच्या पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यातही तुंबाच.

म्हणून मला 'शोभेचे तुंबे' पटतं, पण 'शोभेचे' पटत नाही. होळीतल्या तुंब्याला कोणी शोभेचा म्हणणार नाही. तो व्रताचा आहे.

तापीकाठ:

भाऊ, तुमचा मुद्दा मनाला लागला. 'शोभेचा' या विशेषणात 'खऱ्या उपयोगाचा नाही' असा अर्थ चिकटलेला असतो. शोभेची झाडं, शोभेची दारू, शोभेचे मासे. काठीच्या तुंब्याला ते लावणं अन्यायाचं होईल. दाराच्या कोहळ्यालाही कोणी शोभेचा म्हणत नाही. नजर लागू नये म्हणून तो टांगलेला असतो. खंडेनवमीला यंत्रांपुढे, गाड्यांपुढे कुंकू लावून कोहळा फोडतात, तेव्हाही तो काम करत असतो. तंबोऱ्याचा भोपळा तर स्वर मोठा करतो. मिरजेचे कारागीर त्यासाठी पंढरपूरकडचे कडू भोपळे निवडून वाळवतात.

पण ताईंच्या लेखातली फळं खरोखर शोभेचीच आहेत. तिकडे बियांच्या पाकिटावरही ती वेगळी विकतात. त्यांतली बरीच खाण्यासारखी नसतात, कडू असतात. तो कडवटपणा कुकुर्बिटासिनमुळे येतो आणि पोटाला त्रास देतो. म्हणजे त्यांच्यापुरतं 'शोभेचे' हे वर्णन काटेकोर आहे आणि वाचकाला सावधही करतं. लेखात ही ओळ जरूर घाला, कारण आपल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न 'याची भाजी कशी होते?' हाच येणार. सगळी कडू नसतात, हेही सांगा. निळसर राखाडी 'जराडेल' हा ऑस्ट्रेलियातला, चपटा लालभडक 'रूज व्हिफ देतांप' फ्रान्समधला, हे दोन्ही शोभेलाही मांडतात आणि शिजवतातही.

आता सजावट. मला 'आरास' जास्त आवडतो. सजावटीत एखाद्या वस्तूला नटवणं येतं, आराशीत वस्तू रचून ठेवणं येतं. गणपतीपुढची, नवरात्रातली आरास आपण याच अर्थानं म्हणतो. पायऱ्यांवर फळं उतरत्या क्रमानं ठेवली तर ती 'मांडणी', आणि सगळं मिळून दिसतं ती 'आरास'. पोर्चला आपल्याकडे 'ओटा' आहे, दुसरा शब्द शोधू नका. घरापुढे उंचावर, पायऱ्या असलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरणारा. अमेरिकेतला पोर्च बहुतेक छताखाली असतो, तेवढा फरक वाटला तर 'छपराचा ओटा' म्हणा.

'पानगळ' मात्र काढाच. आपल्या ऋतुचक्रात पानगळ शिशिरातली. सातपुड्यातला साग हिवाळा सरताना पानं टाकतो, ऑक्टोबरात नाही. तिकडची पानं सप्टेंबर-ऑक्टोबरात रंगून गळतात, म्हणून त्यांच्या शब्दातच 'गळणं' आहे. पण तो काळ आपल्या आश्विन-कार्तिकाचा, म्हणजे शरदाचा. 'शरदातली आरास' लिहा. त्यानं नवरात्र, कोजागिरी, दिवाळी आपोआप जवळ येतात, आणि कार्तिक शुद्ध नवमीला तर कूष्मांड नवमीच आहे. त्या दिवशी कोहळ्याचं दान सांगितलंय. तिकडच्या झाडांचं वर्णन करताना 'पानं गळत असतात' हे वाक्यात येऊ द्या, ऋतूचं नाव म्हणून नको.

गिरणाकाठ:

खूप खूप आभार. अजून थोडं विचारते. फळ खुडल्यावर आठ-दहा दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवतात, म्हणजे साल कडक होते. तिने तिथे 'क्युरिंग' ठेवलंय. कांद्यामुळे शेतकऱ्यांना तो शब्द माहीत आहे, पण इथे 'वाळवणे' लिहू का?

सातपुडा_पायथा:

'वाळवणे' नको. वाळवलं म्हणजे आतलं पाणी गेलं, बिया खुळखुळायला लागल्या. तुंब्याला तो शब्द बरोबर, आणि त्याला महिने लागतात. मधे सालीवर बुरशीही येते, ती पुसत राहावं लागतं, फळ मऊ पडलं नसेल तर टाकायचं नाही. गंगाफळाची फक्त साल घट्ट व्हायला हवी, आतला गर ओलाच राहतो. त्याला 'साल निबर होऊ देणे' म्हणा. आमच्याकडे नख लावून पाहतात. नख रुतलं तर कोवळं, नाही रुतलं तर जून.

तापीकाठ:

अगदी हेच. आणि देठाबद्दलही लिहा. देठ बोटभर तरी राखून फळ कापायचं, देठाला धरून उचलायचं नाही. देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते. निबर झालेलं फळ १० ते १३ अंशांच्या आसपास, कोरड्या हवेत सगळ्यात जास्त टिकतं. तिकडच्या ओट्यावर ऑक्टोबरात तसा गारवा मिळतो. आपल्याकडे त्याच महिन्यात दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो, म्हणून खानदेशात कोणी ही आरास करणार असेल तर उन्हाच्या ओट्यापेक्षा घरातला थंड कोपरा बरा. 'कोरलेला' आणि 'अख्खा' हा भेदही ठेवा. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी तोंड कोरून आत दिवा लावलेला भोपळा काही दिवसांतच बसतो. ती चाल आयर्लंडकडून आली, तिथे आधी सलगम कोरत. 'कोरीव' मात्र लिहू नका, त्यानं लेण्यांतलं नक्षीकाम डोळ्यांपुढे येतं.

जातींची नावं भाषांतरित करू नका, वर्णन मराठीत करा. 'टर्क्स टर्बन ही जात, फेटा बांधल्यासारखी'. गाठाळ फ्रेंच जातीबद्दल 'शेंगांची टरफलं चिकटवल्यासारखी साल' लिहिलं तर जळगावपासून शिरपूरपर्यंत प्रत्येकाला दिसेल.

गिरणाकाठ:

सुरुवात अशी केलीय, पाहता का?

"शरद लागला की इथल्या ओट्यांवर शोभेचे गंगाफळ, म्हणजे डांगर, आणि शोभेचे तुंबे यांची आरास दिसू लागते. गंगाफळ सण संपेपर्यंत टिकतात, तुंबे वाळवून पुढच्या वर्षीही मांडता येतात. खाण्यासाठी मात्र यांतली बरीच फळं नसतात."

तापीकाठ:

सुंदर झालंय. एवढंच करा: गंगाफळ नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'शोभेची गंगाफळं' आणि पुढे 'गंगाफळं टिकतात'. त्याला जोडून 'म्हणजे डांगरं'. तुंबा पुल्लिंगी, तिथे 'शोभेचे तुंबे' बरोबर आहे. आणि शेवटचं वाक्य 'यांतली बरीच फळं कडू असतात, ती खाऊ नयेत' असं स्पष्ट करा.